म्हशीची कोलांटी

"ही? ही म्हैस बनवायची?" दत्तारामनं नकाशा उलटा धरला, सुलटा धरला आणि कपाळावर हात मारला. "अंबे, विमान निवडायला सांगितलंय, गोठा नाही!"

लालबागच्या मंडळाच्या खोलीत जमिनीवर छोट्या विमानांचे दोन नकाशे पसरले होते आणि तीन डोकी त्यांच्यावर वाकली होती. साल अठ्ठावन्न, मे महिन्याची सुट्टी नुकतीच लागलेली. भिंतीला मोर्च्याचे फलक टेकवलेले, कोपऱ्यात लेझमी, आणि कपाटात मंडळाची सगळ्यात मोलाची चीज: लिंबाएवढं, खरंखुरं विमानाचं इंजिन! मंडळाचे चिटणीस शामराव यांनी ते कुठल्याशा बोटीवरच्या खलाशाकडून मिळवलं होतं. दुसरं मिळणं कठीण, कारण परदेशी माल येणं बंद झालं होतं. लाकूडही एकाच विमानापुरतं होतं. त्यामुळे निवड चुकली तर सुट्टी बोंबलली, एवढं तिघांनाही कळत होतं.

दत्तारामचा जीव जडला होता टोकदार नाकाच्या, चिमुकल्या पंखांच्या लढाऊ विमानावर. "बघ ना, कसं सुसाट जाईल!"

"सुसाट जाईल आणि सुसाट आपटेल," अंबिका म्हणाली. "आपल्याला शर्यत नाही लावायची. कोलांट्या शिकायच्यात."

"ती बरोबर बोलतेय," हेरंब चष्मा वर सरकवत म्हणाला. हा गिरगावचा, सुट्टीत मामाकडे चाळीत आलेला. विमानांची मासिकं त्याची तोंडपाठ. "शिकणाऱ्यानं हलकं, जाड पंखांचं विमान घ्यावं. जाड पंख हळू उडतानाही विमानाला पेलतो. शिवाय हा पंख वरून आणि खालून सारखाच फुगीर आहे, म्हणजे उलटं झालं तरी त्याला फिकीर नाही. आणि अंग म्हणजे नुसती सपाट फळी! मोडली की सरस लावायचा, पुन्हा उडवायचं."

"मोडली की? म्हणजे मोडणारच?"

"मोडणारच," हेरंब शांतपणे म्हणाला. असल्या खरं बोलणाऱ्या मुलांना कुणी लग्नाकार्याला बोलवू नये, पण विमान निवडताना त्यांचा उपयोग होतो. म्हैस पसंत झाली आणि नावही तेच पडलं.

आता हे कसलं विमान, ते सांगून टाकतो, नाहीतर मधेच विचाराल. हे विमान मोकळं सुटत नाही. त्याला दोन बारीक पोलादी तारा असतात, चाळीसेक फुटांच्या. तारांचं दुसरं टोक उडवणाऱ्याच्या हातातल्या मुठीला. विमान त्याच्याभोवती गोल फिरतं आणि तोही जागच्या जागी फिरतो. मूठ वर कलवली की विमान वर, खाली कलवली की खाली. मनगट जमलं की कोलांटी मारता येते, उलटं उडवता येतं. मनगट चुकलं की खेळ खल्लास.

आणि अंबिकाला काय हवं होतं? म्हैस उलटी उडवायची होती. पाठीवर, एक अख्खा फेरा. बस्स. ऐकायला एवढंसं वाटतं, पण तिच्याकडे ही एकच सुट्टी होती. तिचे वडील कोंडीराम ज्या गिरणीत होते, तिथली रात्रपाळी बंद पडली होती. पावसाळ्यापूर्वीच्या शेवटच्या बोटीनं सगळं घर दापोलीकडच्या गावी जाणार होतं. गावची शाळा चौथीपर्यंत आणि अंबिका सातवी पास झालेली! बुद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी "माझी पोरगी मॅट्रिक होणार" असं कोंडीराम अख्ख्या चाळीला सांगत फिरले होते. आता ते कुणाला काही सांगत नसत.

म्हैस तयार झाली. गिरणीमागच्या मैदानात तिचं पहिलं उड्डाण झालं आणि पहिला कपाळमोक्षही झाला.

चूक अंबिकाचीच होती, लपवण्यात अर्थ नाही. ती चाळीतली पतंग उडवणारी नंबर एक. तार जराशी सैल पडली आणि पतंगाला मारावा तसा तिनं सपकन हिसका दिला! म्हैस नाक वर करून उभी राहिली, क्षणभर विचारात पडली, आणि धाडकन जमिनीवर.

"अगं, ती ढील-खेच इथे नाही चालत!" हेरंब ओरडला. "तार सैल पडली तर हात हलवायचा नाही. आपण दोन पावलं मागे सरकायचं!"

शामराव मैदानाच्या कडेला उभे होते. "मी सांगितलं होतं," ते म्हणाले. त्यांनी सांगितलं नव्हतं, पण त्यांची ती सवयच होती. "पोरीच्या हाताला हे काम नाही."

अंबिकानं तुकडे गोळा केले. तिनं सरस लावला. नंतर रोज तारांशिवाय नुसती मूठ धरून, डोळे मिटून मनगट कलवायचा सराव केला. जिन्यात, नळावर, भाकऱ्या थापायला बसली तरी मनगट चालूच! आई म्हणाली, "या पोरीला झटके येतात की काय?"

पुढच्या खेपेला म्हैस उडाली ती काय उडाली! वारा पाठीवर घेऊन अंबिकानं मूठ कलवली आणि म्हशीनं आकाशात अख्खी कोलांटी मारली. मग दुसरी. दत्तारामनं तर मैदानातच लोळण घेतली. "म्हैस उडते रे! म्हैस उडते!"

एवढंच सुख त्या सुट्टीच्या नशिबात होतं. त्यानंतर सगळं बिनसत गेलं.

इंजिन खोकायला लागलं. म्हैस कोलांटीच्या ऐन माथ्यावर पोचली की फट् फट् करून गप्प! वरून खाली येताना तिला वाचवणार कोण? एकदा पंख मोडला. एकदा शेपूट. इंधनात मिसळायच्या तिन्ही गोष्टी हेरंबनं तपासल्या. रॉकेल ठीक. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं दिलेलं इथर ठीक. तिसरं एरंडेल. तेच इंजिनाच्या आतले भाग जपतं, आणि त्याची भली मोठी बाटली शामरावांनी स्वतः आणून कपाटात ठेवली होती.

"सगळं ठीक आहे," शामराव म्हणाले. "ठीक नाहीत ते हात. पुन्हा एकदा विमान आपटलं तर इंजिन कपाटात जाईल आणि कपाटाला कुलूप लागेल. कायमचं! मला मोर्च्याची कामं आहेत."

पुन्हा एकदा विमान आपटलं.

"शनिवारी संध्याकाळी सभेला येईन तेव्हा इंजिन माझ्या हातात द्यायचं," शामराव म्हणाले आणि निघून गेले.

तिघं जिन्यात बसली. सोमवारी बोट होती. अंबिका मोडकी शेपटी मांडीवर घेऊन बसली होती आणि तिला सरस लावावासाही वाटत नव्हता.

"त्यांचंच खरं असेल," ती म्हणाली. "माझ्याच हातात काहीतरी खोट आहे."

"खोट तुझ्या हातात, आणि इंजिन खोकतं?" दत्ताराम उसळला. "असं कसं होईल?"

एवढ्यात अंबिकाचा धाकटा भाऊ रामू नाचत नाचत जिना उतरला. "मी एरंडेल पचवलं! मी एरंडेल पचवलं! रविवारी दोन चमचे प्यालो, काही म्हणजे काही झालं नाही!"

आता हा एरंडेलाचा प्रकार. सुट्टी लागली की पोरांची पोटं साफ करायची, हा चाळीतला जुना रिवाज. हे पुण्यकर्म दत्तारामच्या आत्याकडे, सुंदराबाईंकडे होतं. दर रविवारी सकाळी एकेक मजला. पोरं रांगेत उभी, सुंदराबाई चमचा घेऊन समोर, आणि पळून जाणाऱ्याला धरायला प्रत्येकाची आई मागे.

"काही झालं नाही?" दत्तारामला ते पटेना. "हे कसं शक्य आहे? आमच्या तळमजल्याला पहिल्या रविवारी पाजलं, तर मी दिवसभर संडासाच्या रांगेत होतो! बाहेर आलो की परत रांगेच्या शेवटी!"

"मला दुसऱ्या रविवारी दिलं," हेरंब म्हणाला. "मामा पहिल्या मजल्यावर ना. मला... बेताचंच झालं."

"आणि आमच्या मजल्याला तिसऱ्या रविवारी काहीच नाही," अंबिका हळूच म्हणाली. तिनं मान वर केली. "हेरंब, इंजिन बिघडायला लागलं कधी?"

"पहिल्या रविवारनंतर. दुसऱ्यानंतर जास्त. तिसऱ्यानंतर तर..."

आणि मग तिघांचे सहा पाय एकदम मंडळाच्या खोलीकडे धावले!

कपाट उघडं होतं. दत्तारामनं बाटली बाहेर काढली आणि तो ओरडलाच. "आयला! ही गळ्यापर्यंत भरलेली कशी? आपण तीनदा तेल काढलंय यातून!"

हेरंबनं बाटली तिरकी केली. एरंडेल कसं, चिकट, सावकाश सरकतं. हे तेल पाण्यासारखं या बाजूचं त्या बाजूला गेलं. अंबिकानं म्हशीच्या पंखावर इंजिनातून उडालेला तपकिरी राप नखानं खरवडला आणि हुंगला. "भज्यांचा वास येतोय," ती म्हणाली. "कसा लक्षात नाही आला मला?"

"म्हणजे कुणीतरी चोरतंय आणि भेसळ करतंय!" दत्तारामचे डोळे चमकले. "कोण असेल? काँग्रेसवाले?"

"काँग्रेसवाले तुझ्या बाटलीत तेल ओतायला येतील?" हेरंब म्हणाला. "आत्या एरंडेल आणते कुठून, ते आधी सांग."

दत्तारामनं आजवर ते कधी विचारलंच नव्हतं. एरंडेल पिणारा माणूस असले प्रश्न विचारत नाही.

आत्याला सरळ विचारावं तर ती धपाटा घालून मोकळी होईल. तेव्हा पकडायचं ते रंगेहाथ, असं ठरलं. उद्याच शनिवार, रविवारचं तेल घ्यायची वेळ.

शनिवारी ऊन कललं तेव्हा तिघं मोर्च्याच्या फलकांमागे दबा धरून बसली होती. 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र' या फलकाच्या मागे अंबिका आणि हेरंब, लेझमांच्या ढिगामागे दत्ताराम. जरा हलला की छुन्न!

"गप रे!"

"मी गपच आहे, लेझीम गप नाही!"

दार वाजलं. सुंदराबाई आत आल्या. त्यांच्या एका हातात पितळी तांब्या, दुसऱ्या हातात झाकलेली लोटी. त्यांनी कपाट उघडलं, बाटलीतलं तेल तांब्यात ओतून घेतलं, आणि मग लोटीतलं तेल अगदी बेतानं, थेंब न सांडता, बाटलीत भरलं. पार गळ्यापर्यंत. वर पदरानं बाटली पुसून जागेवर ठेवली.

"सापडली!" दत्ताराम उठला. सगळ्या लेझमी एकदम कोसळल्या. सुंदराबाई अशा किंचाळल्या, की खालच्या अंगणात फलक रंगवत बसलेले पाचसहा लोक ब्रश हातात घेऊनच धावत वर आले. त्यांच्यामागून कोंडीराम आले आणि सगळ्यांच्या मागून, कुलूप घेऊन, शामराव.

"मेल्यांनो, जीव गेलो असतो माझो!" सुंदराबाईंनी दत्तारामचा कान धरला.

"आत्ये, बाटलीत काय ओतलंस ते सांग आधी!"

"शेंगदाण्याचा तेल! घाण्यावरचा, चांगला! मग काय करू? मंडळाचा एरंडेल घेतलंय, तर बाटली रिकामी ठेवू? आमच्यात कोणाचा भांडा रिकामा परत करीत नाय! लोक काय म्हणतील?"

खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. शेजारून साखरेची वाटी आली तर तिच्यात काहीतरी घालूनच परत पाठवायची, हे सगळ्यांच्याच घरचं. कोंडीरामांनीसुद्धा मान डोलावली.

"पण मावशी, इंजिनाला शेंगदाणा चालत नाही!" अंबिका कळवळून म्हणाली. "आत गोंद होतो त्याचा! म्हणून ते बंद पडत होतं!"

"काहीतरी सांगू नका!" शामराव गरजले. "हात चालत नाहीत आणि दोष तेलाला! शुद्ध एरंडेल आहे ते. मी स्वतः आणलंय."

"नक्की, काका?" दत्तारामनं फार गरीब चेहरा केला. कानाला आत्याचा हात होता म्हणून तो आणखीच गरीब दिसत होता.

"नक्की म्हणजे नक्की!"

"मग घ्या ना चमचाभर! तुम्ही मोठी माणसंच म्हणता ना, दोन चमच्यांनी कुणी मरत नाही?"

रंगवणाऱ्या मंडळींना हे भलतंच आवडलं. दोन वर्षं मोर्चे काढून, लाठ्या खाऊन, अजून महाराष्ट्राचा पत्ता नव्हता. हल्ली त्यांना हसायला फारसं काही मिळत नसे. "घ्या, चिटणीस, घ्या!" ते ओरडले. "मागे हटू नका!"

शामरावांनी चारी बाजूंना पाहिलं. पळायला वाट नव्हती. त्यांनी नाक दाबलं, डोळे मिटले आणि चमचा तोंडात रिकामा केला.

शामरावांनी एक डोळा उघडला. जीभ ओठांवरून फिरवली. मग दुसरा डोळा उघडला.

"अरे... हे तर चिवड्याचं तेल!"

खोली हसून हसून कोसळायची बाकी राहिली! सुंदराबाई तेवढ्या हसल्या नाहीत. "तुम्हीच तर सांगितलात, 'कपाटात असा, हवा तेवढा घ्या!' मान वर करून बघलात पण नाय!"

शामरावांना आठवलं. घोषणा लिहिता लिहिता त्यांनी 'हो, हो, घ्या' म्हटलं होतं खरं. ते फलकांवर टेकून बसले. "अंबिका," ते म्हणाले, "मी तुझ्या हातांना नावं ठेवली. चूक माझी होती."

"शाबास पोरांनो! पोलिसांना नसतं जमलं!" कुणीतरी म्हणालं. कोंडीरामांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. सगळं छान झालं, नाही का?

नाही झालं. हेरंब तोवर इंजिन उघडून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून दत्ताराम हसायचा थांबला.

"घासलं गेलंय," हेरंब म्हणाला. "आतला दट्ट्या पार ढिला झालाय. रॉकेलनं धुतो, ताजं एरंडेल घालू. पण... एकदा चालेल. कदाचित. पुन्हा नाही."

"दुसरं आणू की!" सुंदराबाई म्हणाल्या.

"कुठून?" शामराव म्हणाले. त्यांना उत्तर माहीत होतं, आणि इतरांनाही.

रविवारी संध्याकाळी सगळी चाळ मैदानात होती. मोडकी शेपटी चिकटवलेली. ताजं एरंडेल सुंदराबाईंनी स्वतः वाण्याकडून आणलेलं. हेरंबनं म्हशीच्या नाकावरचा पंखा बोटानं फिरवला. एकदा, दहादा, वीसदा. इंजिन ढिम्म. बायका चुकचुकायला लागल्या. त्याच्या बोटातून रक्त आलं तेव्हा कुठे ते धुरकटलं आणि सुरू झालं. आवाज बारीक होता, धाप लागलेल्या माणसासारखा.

"थेट उलटं कर," हेरंब अंबिकाच्या कानाशी ओरडला. "कोलांट्यांत वेळ घालवू नको! आणि उलटं झालं की सगळं उलट! मूठ खाली की विमान वर. तुझं गोल फिरणंही उलट दिशेनं!"

अंबिकानं मान हलवली. दत्तारामनं म्हैस सोडली.

ती उचलली गेली. एक फेरा, दुसरा. वारा पाठीवर आला तसं अंबिकानं मनगट कलवलं. म्हैस वर चढली, चढत चढत पाठीवर वळली, आणि तिथे अर्ध्या कोलांटीत अंबिकानं मूठ खाली धरली. म्हैस उलटी! पोट आकाशाकडे, चाकं वर! आली तशी उलट निघाली, आणि अंबिकाही उलट फिरायला लागली.

"पाव फेरा!" दत्ताराम ओरडला. "अर्धा!"

तेवढ्यात इंजिन खोकलं. तार सैल पडली. हाताला तो जुना हिसका आठवला, मनगटापर्यंत आलासुद्धा! अंबिकानं दात आवळले. हात तसाच ठेवला आणि मागे सरकली, दोन पावलं, तीन पावलं. तार ताणली गेली. म्हैस खाली येत येत सावरली.

"पाऊण!"

फट्. फट् फट्. आणि गप्प.

मैदानात आता नुसता तारांचा सूं सूं आवाज होता. विमान सुलटं करायला वेग उरलेला नव्हता, हे हेरंबला कळलं आणि त्यानं डोळे झाकून घेतले. पण अंबिकानं सुलटं करायचं मनातही आणलं नव्हतं. ती मागे मागे सरकत, तार ओढून धरत, म्हशीला पाठीवरच पुढे नेत होती. माणसांच्या गुडघ्याएवढ्या उंचीवरून. मग वीतभर. जिथे ती उलटी झाली होती ती जागा मागे पडली आणि मगच म्हैस पाठीवर टेकली, धुळीतून घसरत गेली आणि थांबली. शेपटी मोडली. बाकी काही नाही.

"फेरा!" दत्तारामचा आवाज चिरकला. "अख्खा फेरा! झाला! झाला!"

काय टाळ्या पडल्या म्हणता! सुंदराबाई रडत होत्या आणि शेजारणीला कोपरानं ढोसत होत्या. हेरंबनं म्हैस उचलून पंखा बोटानं फिरवून पाहिला. तो सैल, नुसता गरगर फिरला. त्यानं विमान खाली ठेवलं.

शामराव धावत आले. "अंबिका! अख्ख्या मुंबईत असं उडवणारी मुलगी नसेल! पुढच्या मे महिन्यात काहीही करून इंजिन आणतो बघ, आणि तू..." बोलता बोलता त्यांची नजर कोंडीरामांकडे गेली आणि ते थांबले.

दत्तारामला मात्र थांबणं कधी जमलंच नव्हतं. त्यानं अंबिकाचा खांदा धरून गदागदा हलवला. "बोल ना! कसं वाटलं? एवढे दिवस डोकं खाल्लंस आमचं, कसं वाटलं ते सांग!"

अंबिका अजून मूठ घट्ट धरून उभी होती. तिनं मैदानाकडे पाहिलं, मग दत्तारामकडे.

"आणखी एकदा करावंसं वाटलं," ती म्हणाली.

हेरंबनं तिच्या हातातून मूठ हळूच सोडवून घेतली आणि तारा गुंडाळायला लागला. कोंडीराम म्हणाले, "चल बाळा, सामान बांधायचंय." आणि दोघं चाळीकडे निघाली.